उतारवयातील कुत्र्या-मांजरांचा मूत्रपिंडविकार आणि पूरकांचे काम

उतारवयातील कुत्र्या-मांजरांना होणारा दीर्घकालीन मूत्रपिंडविकार बरा होत नाही, तो लांबवता येतो. मूत्रपिंडाचा जो भाग एकदा निकामी झाला तो गोळीने, काढ्याने किंवा पावडरीने परत येत नाही. औषध दुकानांत ‘किडनी टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या पूरकांचा विचार करताना ही गोष्ट आधी मान्य करावी लागते. पूरकांचे काम वेगळे आणि मर्यादित आहे. मूत्रपिंड थकल्यामुळे रक्तात काही पदार्थ साचतात आणि काही कमी पडतात. साचलेल्याला आवर घालणे आणि कमी पडलेले भरून काढणे एवढेच त्यांच्याकडून होते. काय साचले आणि काय कमी पडले हे तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून रक्त-लघवी न बघता सुरू केलेले पूरक बहुधा वाया जाते, आणि कधी कधी अपाय करते.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. कुत्र्याच्या एका मूत्रपिंडात ते सुमारे ४ लाख, मांजराच्या सुमारे २ लाख असतात. वय, जुने संसर्ग, मुतखडे, वाढलेला रक्तदाब, एखाद्या विषारी पदार्थाचा धक्का अशा कारणांनी ते मरत जातात आणि नवे तयार होत नाहीत. उरलेले नेफ्रॉन मेलेल्यांचे काम अंगावर घेतात, अधिक दाबाने रक्त गाळतात, आणि त्या दाबानेच पुढे झिजतात. मूळ कारण संपले तरी आजार पुढे सरकत राहतो तो यामुळे. मांजरात हे फार आढळते. दहा वर्षांपुढच्या मांजरांपैकी साधारण तिघांत एकाला हा विकार असतो असा अंदाज दिला जातो. कुत्र्यांत प्रमाण कमी, पण लघवीतून प्रथिने वाहून जाण्याचा त्रास अधिक.

निसर्गाने मूत्रपिंडात एवढी शिल्लक ठेवली आहे की विकार उघडा पडायला उशीर लागतो. दोन तृतीयांश नेफ्रॉन गेल्यावर लघवी दाट करण्याची शक्ती जाते आणि जनावर जास्त पाणी पिऊ लागते. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारे आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, रक्तात ठळकपणे वाढते ते तीन चतुर्थांश गेल्यावर. उलट्या, तोंडाला येणारा उग्र वास, तोंडातले व्रण, पांढरट हिरड्या आणि खंगणे ही चिन्हे त्याहून उशिराची. वऱ्हाडात पहिले चिन्ह ओळखणे आणखी अवघड असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा घरातले प्रत्येक जनावर पाण्याच्या भांड्याशीच असते, आणि ‘ऊन आहे, पीतच असते’ म्हणून तहानेकडे दुर्लक्ष होते. उपाय सोपा आहे: मोजून पाणी ठेवायचे आणि चोवीस तासांनी उरलेले मोजायचे. कुत्रा किलोमागे १०० मिलीपेक्षा आणि मांजर किलोमागे ५० मिलीपेक्षा जास्त पाणी सलग काही दिवस पीत असेल तर ती उन्हाची तहान नव्हे. म्हणजे १५ किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला दीड लिटर ही सीमा झाली. मात्र मधुमेह आणि म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होणे या दोन्हींतही तहान अशीच वाढते, तेव्हा तहानेवरून थेट मूत्रपिंडाचे निदान करता येत नाही.

तपासणी कुठे होऊ शकते हे पाहण्यासाठी एका गावाचे उदाहरण घेऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये जिथे आश्रम उभारला ते गुरुकुंज मोझरी अमरावती-नागपूर महामार्गावर, तिवसा तालुक्यात आहे. अमरावती तिथून पस्तीसेक किलोमीटरवर. ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांची सारी रचना गाई, म्हशी, बैल आणि शेळ्यांसाठी झालेली असते. म्हाताऱ्या मांजराचा रक्तदाब मोजण्याचे यंत्र तिथे असण्याची अपेक्षा करणे योग्य नाही. पुढची पायरी जिल्ह्याचे पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि शहरातले खासगी पशुवैद्यक. त्याहून गुंतागुंतीच्या रुग्णासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था किंवा १९५८ पासून चालणारे नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, आणि मोझरीहून दोन्ही शंभराहून अधिक किलोमीटरवर आहेत.

तरीही निदानाचा मोठा भाग जवळपास होऊ शकतो. क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस, कॅल्शियम आणि पोटॅशियम या तपासण्या माणसांच्या प्रयोगशाळेतही करता येतात. फक्त अहवालावर छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा माणसाची असते, ती जनावराला लावायची नसते. लघवीची घनता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे उपकरण लागते. रंग बदलणाऱ्या पट्टीवरचा घनतेचा आकडा कुत्र्या-मांजरांत भरवशाचा नाही. घनता कुत्र्यात १.०३० आणि मांजरात १.०३५ पेक्षा खाली असेल आणि सोबत क्रिएटिनिन वाढलेले असेल तर संशय पक्का होतो. त्याच लघवीतून प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढता येते. एसडीएमए ही रक्ताची तपासणी विकार अधिक लवकर पकडते. खंगलेल्या मांजरात तिचा विशेष उपयोग, कारण स्नायू झिजलेले असले की क्रिएटिनिन फसवे कमी दिसते. तिचे नमुने मोठ्या शहरात पाठवावे लागतात.

जगभरचे पशुवैद्यक या विकाराच्या पायऱ्या इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीच्या, म्हणजे ‘आयरिस’च्या, मोजपट्टीने ठरवतात. ही संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. जनावर पोटभर पाणी प्यायलेले, स्थिर अवस्थेत असताना क्रिएटिनिन बघायचे. कुत्र्यात डेसिलिटरमागे १.४ मिलिग्रॅमच्या खाली पहिली पायरी, १.४ ते २.८ दुसरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या वर चौथी. मांजरात दुसरी पायरी १.६ पासून सुरू होते, बाकी आकडे तेच. प्रत्येक पायरीसोबत रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने यांची नोंद वेगळी होते. पायरी कळण्याला व्यावहारिक अर्थ आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मांजरांच्या एका पाहणीत निदानानंतरचे मध्यक आयुष्य दुसऱ्या पायरीच्या उत्तरार्धात १,१५१ दिवस, तिसऱ्या पायरीत ७७८ दिवस आणि चौथ्या पायरीत १०३ दिवस निघाले. दुसऱ्या पायरीवर पकडलेल्या मांजराच्या हाती तीन वर्षे असतात, आणि पूरक-आहाराचा खरा उपयोग या काळातच होतो.

पायरी ठरली की कारण शोधायचे, कारण काही कारणांवर इलाज आहे. विदर्भात कुत्र्यांच्या बाबतीत पहिला संशय गोचिडांवर घ्यावा. गोचीडतापाचा जुना, चिवट संसर्ग मूत्रपिंडाच्या गाळण्या खराब करतो आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. त्यावर डॉक्सिसायक्लिनचा उपचार आहे. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. मुतखडे, मूत्रमार्गाचा संसर्ग, म्हाताऱ्या मांजरातली थायरॉइडची वाढ हेही तपासावे लागते. मूळ रोग तसाच ठेवून वरून पूरके देत राहणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

आहार आणि पूरक यांत पुरावा सर्वांत भक्कम आहे तो फॉस्फरसचा. मूत्रपिंड थकले की खाण्यातला फॉस्फरस लघवीवाटे पुरेसा बाहेर पडत नाही. तो साचू लागताच शरीर पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक वाढवते. ते संप्रेरक हाडांतले कॅल्शियम बाहेर ओढते, आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार मूत्रपिंडातच साठून उरलेले नेफ्रॉन मारतात. काही कुत्र्यांत जबड्याचे हाड रबरासारखे मऊ पडते ते यामुळे. आयरिसने रक्तातील फॉस्फरसचे लक्ष्य ठरवून दिले आहे: दुसऱ्या पायरीत डेसिलिटरमागे ४.६ मिलिग्रॅमच्या खाली, तिसऱ्यात ५ च्या खाली, चौथ्यात ६ च्या खाली.

फॉस्फरस कमी करण्याचा पहिला मार्ग ताटातून जातो. मूत्रपिंडविकारासाठी बनवलेल्या खास आहारात फॉस्फरस आणि मीठ कमी असते, प्रथिने मोजकी पण उत्तम प्रतीची असतात, ओमेगा-३ मेद आणि ‘ब’ जीवनसत्त्वे घातलेली असतात. या आहाराची परीक्षा झालेली आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात असा आहार खाणाऱ्या मांजरांचे मध्यक आयुष्य ६३३ दिवस, न खाणाऱ्यांचे २६४ दिवस होते. अमेरिकेत २००२ मध्ये ३८ कुत्र्यांवर आणि २००६ मध्ये ४५ मांजरांवर झालेल्या चाचण्यांनी हाच कौल दिला. मांजरांच्या चाचणीत साधा आहार घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत रक्तात विष साचून गंभीर त्रास झाला, खास आहारावरच्या एकालाही नाही. कोणत्याही पूरकाच्या मागे असा पुरावा नाही. पैसे मोजकेच असतील तर ते बाटलीवर घालण्याआधी आहारावर घालावेत.

असे तयार खाद्य महाग असते आणि मोझरीसारख्या ठिकाणी ते शहरातून आणावे लागते. तेव्हा घरचा आहार सुधारणे हा दुसरा पर्याय. वऱ्हाडी घरातले कुत्रे बहुधा ज्वारीची भाकर, वरण, पोळी, दूध आणि कधी अंडे-मटणाच्या उरल्यासुरल्यावर जगते. यात एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडते. डाळी आणि धान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेट रूपात बांधलेला असतो आणि कुत्र्याच्या आतड्यात तो पुरता शोषला जात नाही. म्हणून वरण-भाकरीचा फॉस्फरस कागदावर दिसतो तेवढा अंगी लागत नाही. पण दूध, दही, पनीर, अंड्याचा बलक, काळीज, हाडे आणि सुकी मासळी यांतला फॉस्फरस सहज शोषला जातो, आणि डबाबंद मांसातला मिसळलेला फॉस्फेट तर जवळजवळ सगळाच. ‘आजारी आहे, दूध द्या’ ही माया इथे उलटी पडते. अंड्याच्या दोन भागांत फॉस्फरसचा फरक फार मोठा आहे: शंभर ग्रॅम बलकात सुमारे ३९० मिलिग्रॅम फॉस्फरस, तेवढ्याच पांढऱ्या भागात १५ मिलिग्रॅम. पांढरा भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडे तूप किंवा तेल, दुधी किंवा पडवळासारखी भाजी आणि थोडे कोंबडीचे मांस, तेही उकडून पाणी ओतून दिलेले, हा कुत्र्यासाठी बरा सांगाडा होतो. उकडल्याने मांसातला फॉस्फरस आणि पोटॅशियम बऱ्याच प्रमाणात पाण्यात उतरते. अशा जेवणात कॅल्शियम आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी पडतात, ती पशुवैद्यकाने ठरवून भरायची. महाप्रसादाची मसालेदार भाजी, पापड, शेव आणि लोणचे बंद. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि या विकारात रक्त आधीच कमी असते.

मांजराचे गणित निराळे. ते सक्तीचे मांसाहारी आहे; टॉरिन, अ‍ॅराकिडोनिक आम्ल आणि तयार जीवनसत्त्व ‘अ’ त्याला मांसातूनच मिळतात. शाकाहारी घरातल्या मांजराला प्रथिने कमी करण्याच्या नावाखाली दूध-भातावर ठेवले तर मूत्रपिंडाआधी हृदय आणि डोळे जातील. प्रथिने किती कमी करावीत यावर तज्ज्ञांत एकमत नाही. फॉस्फरसविषयी मतभेद नाहीत. खाण्यात कोणताही बदल करायचा तर दोन ते चार आठवडे घेऊन हळूहळू करावा, आणि मळमळ चालू असताना नवे खाद्य पुढे करू नये. मांजर त्या वासाशी मळमळीची गाठ घालते आणि पुढे ते कधीच तोंडाला लावत नाही.

आहार बदलूनही फॉस्फरस लक्ष्याच्या वर राहिला तर फॉस्फेट-बंधक येतात. पूरकांतला हा सर्वांत उपयोगी गट. ते आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला धरून विष्ठेवाटे नेतात, म्हणून जेवणासोबतच द्यायचे; रिकाम्या पोटी दिलेला बंधक वाया जातो. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड किलोमागे दिवसाला ३० ते १०० मिलिग्रॅम, जेवणांत विभागून, ही नेहमीची मात्रा. औषध दुकानातल्या पातळ अँटासिडमध्ये मात्र बहुधा मॅग्नेशियमही मिसळलेले असते, ते या रुग्णाला नको. मोठ्या मात्रेने अ‍ॅल्युमिनियम साठून कुत्र्यांत अशक्तपणा आणि मेंदूचे त्रास झाल्याची उदाहरणे आहेत. कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त. बारीक दळलेल्या अंड्याच्या कवचातही तेच असते. पण रक्तातले कॅल्शियम वाढलेले असेल तर ते घातक, आणि दुकानातल्या कॅल्शियमच्या बहुतेक गोळ्यांत जीवनसत्त्व ‘ड’ असते, जे फॉस्फरसचे शोषण आणखी वाढवते. खाण्याचा चुना हा याला पर्याय नव्हे. त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते. सेव्हेलॅमर आणि लॅन्थॅनम माणसांच्या डायलिसिस रुग्णांसाठी मिळतात, चांगले काम करतात, महाग पडतात. कोणताही बंधक सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी फॉस्फरस पुन्हा मोजायचा आणि मात्रा बदलायची. बद्धकोष्ठता होते, म्हाताऱ्या मांजरात ती आधीच असते, तिथे लॅक्टुलोज हे रेचक उपयोगी पडते.

तेलांच्या बाबतीत वऱ्हाडाशी थेट नाते जुळते. जॉर्जिया विद्यापीठातील स्कॉट ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मूत्रपिंडाचा बराच भाग काढलेल्या कुत्र्यांना तीन प्रकारचे मेद देऊन पाहिले: माशाचे तेल, बैलाची चरबी आणि करडईचे तेल. माशाच्या तेलावरच्या कुत्र्यांची मूत्रपिंडे टिकली, करडईच्या तेलावरच्यांची सर्वांत लवकर ढासळली. करडईत ओमेगा-६ मेद भरपूर असते आणि ते गाळण्यांतला दाब व दाह वाढवते. माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्ले तो उतरवतात. त्यावरून सहज वाटते की घरात करडईऐवजी जवस वापरावा, कारण जवसातही ओमेगा-३ असतेच. पण ते वनस्पतीचे रूप आहे. कुत्र्याचे शरीर त्याचे ईपीएत रूपांतर फार थोडे करते, मांजराचे जवळजवळ करतच नाही. जवसाची चटणी माणसांसाठी उत्तम. या कामी तिचा उपयोग नाही, शिवाय तिच्यात मीठ-मिरची असते.

माशाच्या तेलाची मात्रा कॅप्सूलच्या वजनावर धरायची नसते, तीत ईपीए व डीएचए मिळून किती आहे त्यावर धरायची असते. दुकानातल्या साध्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ही दोन्ही मिळून सुमारे ३०० मिलिग्रॅम असतात. २० किलोच्या कुत्र्याला मूत्रपिंडविकारात सुचवली जाणारी मात्रा साधारण १,३०० मिलिग्रॅम, म्हणजे अशा चार कॅप्सूल. त्या हळूहळू वाढवत न्यायच्या, नाहीतर जुलाब होतात. कॉडलिव्हर तेल वेगळे. त्यात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे असतात, ती साठून अपाय करतात. आणखी एक स्थानिक अडचण उन्हाची आहे. वऱ्हाडी उन्हाळ्यात माशाचे तेल बाहेर ठेवले की खवट होते, आणि खवट तेल दाह वाढवते. ते फ्रिजमध्ये ठेवावे, लहान बाटली आणावी.

पोटॅशियमची कथा मांजरात आणि कुत्र्यात उलट आहे. या विकाराच्या मांजरांपैकी २० ते ३० टक्क्यांत लघवीवाटे पोटॅशियम वाहून जाते. स्नायू ढिले पडतात, मान खाली झुकते, पाठीमागचे पाय लटपटतात. अशा मांजराला पोटॅशियम ग्लुकोनेट किंवा सायट्रेट दिल्यास काही दिवसांत फरक दिसतो, आणि सायट्रेटने रक्तातली आम्लताही कमी होते. कुत्र्यात, विशेषतः लघवीतली प्रथिने रोखणारे बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टन हे औषध चालू असताना, पोटॅशियम वाढलेले सापडते आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळ्याचे पाणी आणि केळे ही पोटॅशियमची मोठी साधने. ‘अशक्त आहे, शहाळं पाजा’ हा सल्ला एका मांजराला तारेल आणि शेजारच्या घरातल्या कुत्र्याला मारेल. रक्ताचा अहवाल बघितल्याशिवाय तो देऊ नये.

जीवनसत्त्वांपैकी ‘ब’ गट पाण्यात विरघळतो आणि सतत होणाऱ्या लघवीतून जातो, म्हणून बी-कॉम्प्लेक्स आणि बी-१२ देणे रास्त आहे. भूक थोडी सुधारते, धोका जवळजवळ नाही. फक्त माणसांचे ‘शुगर-फ्री’ सिरप कुत्र्याला देऊ नये, त्यात झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर कोसळते आणि यकृत बिघडते. जीवनसत्त्व ‘क’ मोठ्या मात्रेत ऑक्झलेट वाढवते. कॅल्सिट्रायॉल हे ‘ड’चे सक्रिय रूप कुत्र्यांत आयुष्य वाढवू शकते, पण मात्रा किलोमागे मिलिग्रॅमच्या दशलक्षांशांत मोजायची आणि कॅल्शियम-फॉस्फरस वारंवार तपासायचे, फॉस्फरस आवाक्यात आल्याशिवाय ते सुरूच करायचे नाही. मांजरांत असा फायदा दिसलेला नाही. खाण्याचा सोडा रक्तातली आम्लता कमी करतो, पण रक्तवायू तपासणीत ती सिद्ध झाली असेल तरच तो द्यावा, कारण त्यातले सोडियम रक्तदाब वाढवते.

आतड्यातल्या जिवाणूंकडून युरिया खाऊन घेण्याची कल्पना आकर्षक आहे आणि त्यावर महागडे प्रोबायोटिक निघालेले आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत ते मांजरांच्या खाण्यावर शिंपडून दिले गेले, आणि युरिया-क्रिएटिनिन हलले नाही. हा खर्च टाळता येण्याजोगा आहे.

वनौषधींत खर्चाचा प्रश्न येत नाही, कारण त्या अंगणातच उगवतात. पुनर्नवा, म्हणजे घेटुळी, आणि गोखरू, म्हणजे शेतातला सराटा, या दोन्ही आयुर्वेदात मूत्रविकारांवर सांगितलेल्या आहेत आणि पशुवैद्यकीय सिरपांत असतात. पुनर्नवेच्या अर्काची एनालाप्रिल या रक्तदाबाच्या औषधाशी तुलना करणारा एक छोटा भारतीय अभ्यास कुत्र्यांवर झाला आहे आणि त्यात सुधारणा दिसली. ही आशा ठेवण्याजोगी सुरुवात आहे, इतर उपचार बंद करण्याएवढी नाही. गोखरू चरलेल्या मेंढ्यांना यकृतविकार होतो हे पशुवैद्यकांना ठाऊक आहे, आणि मांजराचे यकृत अनेक वनस्पतीद्रव्ये निकामी करू शकत नाही. म्हणून मांजराला घरगुती काढे देऊ नयेत. पारा-शिसे असलेली भस्मे तर कोणत्याच मूत्रपिंडरुग्णाला नकोत.

काय द्यावे याइतकेच काय देऊ नये हे महत्त्वाचे. म्हातारे कुत्रे लंगडते, घरात गुडघेदुखीची गोळी असते, ती दिली जाते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात आणि तिसऱ्या पायरीवरच्या कुत्र्याला दोन-चार दिवसांत चौथीवर नेऊ शकतात. एका जातीला चालणारे औषध दुसरीचे मूत्रपिंड कसे जाळते याचे सर्वांत मोठे उदाहरण भारतीय उपखंडातच घडले. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली; कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅकवर. मांजराला पॅरासिटामॉल कधीही नाही. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने त्याचे रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि ते दगावू शकते. द्राक्षे, मनुका, बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड अचानक बंद पाडू शकतात. त्यातले टार्टारिक आम्ल याला जबाबदार असल्याचे अमेरिकी विषतज्ज्ञांनी अलीकडे मांडले आहे, आणि हे आम्ल चिंचेत भरपूर असते. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची नोंदही झालेली आहे. आंबट वरण आणि चिंचेचे सार त्यामुळे कुत्र्याच्या भांड्यात नकोच.

पाणी कधीही तोडायचे नाही. ‘फार लघवी करते’ म्हणून रात्री भांडे उचलणे ही सर्रास होणारी घोडचूक आहे. थकलेले मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही आणि एका कोरड्या रात्रीत क्रिएटिनिन उसळते. मोझरी पूर्णेच्या खारपाणपट्ट्याबाहेर, वर्धा नदीच्या बाजूला आहे. पण दर्यापूर, भातकुली किंवा अकोल्याच्या खारपाणी गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त असते. तिथे घरातली माणसे पिण्यासाठी जे गोडे पाणी वापरतात तेच या जनावराला द्यावे. मांजराला कोरड्या दाण्यांऐवजी ओले खाणे दिले की पाण्याचा अर्धा प्रश्न सुटतो. तिसऱ्या पायरीपुढे पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून घरीच कातडीखाली रिंगर लॅक्टेट देता येते, मांजराला एका वेळी १०० ते १५० मिली, आठवड्यातून दोन-तीनदा. सुई टोचायला घरचे माणूस एकदा शिकले की पस्तीस किलोमीटरची खेप वाचते.

रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने हे पूरकांचे क्षेत्र नाही. तिथे औषधेच लागतात. मांजर अचानक भिंतीला आपटू लागले तर वाढलेल्या दाबाने डोळ्याचा पडदा सुटलेला असू शकतो, अ‍ॅम्लोडिपिनची ०.६२५ मिलिग्रॅम मात्रा, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, वेळेवर मिळाली तर कधी कधी दृष्टी परतते. प्रथिने जात असतील तर बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टन, आणि ते सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियमची फेरतपासणी. त्यानंतर स्थिर रुग्णाची तपासणी दुसऱ्या पायरीत दर सहा महिन्यांनी, तिसरीत दर तीन-चार महिन्यांनी, चौथीत पशुवैद्यक सांगेल तशी. प्रत्येक भेटीत वजन लिहून ठेवावे. घटते वजन क्रिएटिनिनच्याही आधी बोलते.

चौथ्या पायरीत औषधांची यादी वाढवण्याऐवजी कमी करावी लागते. तोंडात दिवसातून सात वेळा काहीतरी कोंबले जाणारे मांजर खाणेच सोडते. आधी प्रोबायोटिक आणि वनौषधी थांबवावी, मग माशाचे तेल. जेवणच बंद झाले असेल तर फॉस्फेट-बंधकाला अर्थ उरत नाही. मळमळ थांबवणारे मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन, भूक वाढवणारे मिर्टाझापिन, कातडीखालचे पाणी आणि कमी असल्यास पोटॅशियम एवढे राहू द्यावे. या टप्प्यावर पथ्याचा आग्रहही सोडायचा. खास आहार उपाशी पोटी निरुपयोगी असतो, आणि जनावर जे खाईल ते द्यावे. तेही थांबले, उलट्या आवरेनात, जनावर उठेना, तर पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण देण्याचा पर्याय असतो. अनेक घरांना तो धर्मविरुद्ध वाटतो आणि निर्णय दिवसेंदिवस पुढे ढकलला जातो. मूत्रपिंडाच्या विषाने येणारे मरण सावकाश आणि मळमळीचे असते, हे पशुवैद्यकाने घरच्यांना तिसऱ्या पायरीवरच स्पष्ट सांगून ठेवावे.